बाहेरच्या अंगाचा बैल

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या घराची वाटणी केली, आणि ती इतकी चोख केली की त्या चोखपणाचाच आता मला संताप येतो. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. पेपर तपासताना अर्धा मार्कसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. तीच खोड घरात आणली. थोरला हेमेंद्र, धाकटा उमेंद्र. दोघांचं पटत नव्हतं आणि पटण्याची चिन्हंही नव्हती, म्हणून ठरवलं, सगळं अर्धं-अर्धं. शेत अर्धं, अंगण अर्धं, खळं अर्धं, विहिरीवरच्या मोटारीचे दिवस अर्धे. मोहाची दोन झाडं होती, एकेक दिलं. धानाच्या कोठ्या पाच निघाल्या, तर पाचवी मी बहिणीकडे पाठवून दिली. कुणी म्हणायला नको की रहांगडाले गुरुजींनी एकाला झुकतं माप दिलं.

मग राहिली बैलजोडी, कबऱ्या आणि भुऱ्या. पंच म्हणून हिरालाल पटले बसले होते, गावातले जुने जाणते. मी म्हणालो, कबऱ्या हेमेंद्रला, भुऱ्या उमेंद्रला. हिरालालजींनी तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, जोडी फोडून राहिले काय? जोडी कोणी फोडते?"

मी म्हणालो, "हिरालालजी, न्याय म्हणजे न्याय."

पोरं गप्प बसली, कारण दोघांच्याही डोक्यात ट्रॅक्टर होता. बैल काय, शेणापुरता.

आणि शेवटी राहिलो आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी. तेव्हाही माझी अक्कल ठिकाणावर आली नाही. दोन चिठ्ठ्या केल्या. एकीत हेमेंद्र, एकीत उमेंद्र. मी माझ्या हाताने उचलली, हेमेंद्र निघाला. म्हणजे शांती आपोआप उमेंद्रकडे. सगळे म्हणाले, गुरुजींसारखा माणूस नाही, स्वतःचीसुद्धा चिठ्ठी टाकली. मी मान डोलावली. महिनाभरात अंगणाच्या मधून सात फुटांची विटांची भिंत उभी राहिली, बिनदाराची.

त्या भिंतीला लागून माझी खाट आहे. पलीकडे शांती खोकली की मला कळतं. कोंबड्यांना हाकलते ते कळतं. हसते तेही कळतं, आणि कशाला हसली ते कळत नाही म्हणून माझं डोकं फिरतं. सरळ सांगतो, मला शांती परत हवी होती. बेचाळीस वर्षं एका ताटलीतलं लोणचं खाल्लेली बाई भिंतीपलीकडे, आणि मी इकडे सुनेने वाढलेलं मुकाट्याने गिळतोय. पण बोलायला तोंड नव्हतं. चिठ्ठी माझीच होती. पोरांना काय सांगणार, माझा न्याय चुकला? आणि मी उमेंद्रच्या दारात जाऊन बसलो तर हेमेंद्रला वाटणार, बाप तिकडे ओढतो. म्हणून मी जातच नव्हतो. लग्नाकार्यात भेट व्हायची. ती विचारायची, "जेवले काय?" मी म्हणायचो, "जेवलो." संपलं.

भिंतीला न जुमानणारं माणूस घरात एकच, धाकटी सून सोनिका. ती गोंदियाला बीएड करते. ती बिनधास्त रस्त्याने वळसा घालून इकडे येते आणि माझ्या खाटेवर वह्या पसरते.

यंदा श्रावणाच्या तोंडावर, सोमवारी ती आली आणि म्हणाली, "मामाजी, शनिवारी माझा पाठ हाय. एक इंग्रजी क्रियापद घ्याचं, त्याचा अर्थ, त्याचं मूळ, आणि एक उदाहरण आपल्या आजूबाजूचं. मी जॉइन घेतलं. सोपं हाय ना?"

"अर्थ काय लिहिलास?"

तिने गाइड उघडलं. "जोडणे, सामील होणे."

"आणि मूळ?"

"लॅटिन."

मला असं चिडायला होतं. लॅटिन म्हणजे काय उत्तर झालं? कुणी विचारलं तुमचं गाव कोणतं, आणि आपण सांगायचं पृथ्वी! मी तिला गाइड मिटायला लावलं आणि माझा जाड शब्दकोश काढला, ज्याचा पुठ्ठा शांतीने खळ लावून दोनदा चिकटवलेला आहे. सोनिकाला सांगितलं, हे बघ पोरी, हा शब्द इंग्रजांचा नाहीच. फ्रेंचांकडून आला, त्यांच्याकडे लॅटिनमधून. तिथे तो होता युंगेरे. त्याचा जुना अर्थ जुवाला बांधणे, जुंपणे. इंग्रजीतला योक, म्हणजे जू, तोही याच घरातला. आपलं संस्कृत युज् आणि युग तेच, आणि त्या युगाचंच झिजून झालं आपलं जू. तू ज्या गोंदिया जंक्शनवर उतरतेस, तो जंक्शन याच शब्दाचा चुलतभाऊ. नवरा-बायकोच्या नात्याला इंग्रजीत कॉन्ज्युगल म्हणतात, त्याच्याही पोटात हेच जू आहे.

सोनिका लिहायची थांबली. "म्हंजे जॉइन म्हंजे प्रेमानं एकत्र येणं नाई?"

"प्रेमाचं त्यात काही नाही. दोन मानांवर एक लाकूड ठेवायचं. मग पटो न पटो, एकाने पाऊल टाकलं की दुसऱ्यालाही टाकावं लागतं. आता पोरं ग्रुप जॉइन करतात, मीटिंग जॉइन करतात. मानेवर काही जाणवतं का त्यांना?"

ती हसली आणि सगळं वहीत उतरवून घेऊन गेली. निवृत्तीनंतर आठ वर्षांनी कुणीतरी मला इंग्रजी विचारलं होतं. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पण हे समाधान मंगळवारपर्यंतच टिकलं. मंगळवारी ट्रॅक्टर फसला.

आमची निम्मी शेती तलावाच्या पाळीखाली आहे. तिथल्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, बारमाही पाझरतात. दरवर्षी कसंबसं निभतं, यंदा पाऊस इतका झाला की बांधीत पाय टाकला तर गुडघा शोधावा लागे. हेमेंद्रने चिखलात चालायची लोखंडी केजव्हील लावलेला ट्रॅक्टर आणला. बांधीत उतरला आणि तिसऱ्या फेरीला मागची चाकं अशी बसली की नुसतं मडगार्ड वर. तो काढायला दुसरा ट्रॅक्टर आणि अख्खी दुपार लागली. ड्रायव्हर मोनू निघताना म्हणाला, "गुरुजी, हे बांधी नोहे, विहीर हाय. इथं बैलच चालतीन." उमेंद्रच्या बांध्या त्याच पाळीखाली, शेजारी. त्याने ट्रॅक्टर उतरवलाच नाही, लांबून बघून परत फिरवला.

तिकडे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाढून पिवळे पडायला लागले होते. रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या बाया शुक्रवारी येणार होत्या. शुक्रवार चुकला की त्या चिचगडकडच्या गावांना जाणार, मग पंधरा दिवस नाव नको. म्हणजे शुक्रवारच्या आत चिखलणी व्हायलाच हवी, आणि चिखलणीला बैल हवेत. बैल होते, एक भिंतीच्या अलीकडे आणि एक पलीकडे.

कोणताही शहाणा माणूस काय करेल? भावाला हाक मारेल. माझ्या पोरांनी काय केलं ते ऐका.

बुधवारी सकाळी हेमेंद्रने गावातल्या उदारामकडून एक बैल मागून आणला आणि कबऱ्याच्या जोडीला उभा केला. आता कबऱ्या जन्मभर डाव्या अंगाला चाललेला बैल. उदारामचा बैलही डावाच. दोघंही डावीकडे सरकायला लागले. जू तिरपं झालं, त्याची खुंटी, शिवळ, निसटली, आणि कबऱ्याने काय करावं? बांधीत बसला. चिखलात, आरामात, डोळे मिटून. हेमेंद्रने हाकललं, शेपूट पिरगाळली, शिव्या दिल्या. कबऱ्याने कान हलवले.

शेजारच्या बांधीत त्याच वेळी उमेंद्रचाही तमाशा चालू होता. त्याने सासुरवाडीहून बैल आणला होता. तो उजवा होता, म्हणजे वळताना बाहेरच्या अंगाला चालणारा, भुऱ्याही उजवा. भुऱ्या तर स्वभावाने गरीब, बसला नाही. पण त्याला आतल्या अंगाला जुंपलं तर तो चार पावलं चालून नांगरासकट फिरून बाहेरच्या अंगाला यायला बघायचा. चार वेळा जुंपला, चार वेळा फिरला.

दोन भाऊ, एका धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन अंगांना, दोन मोडक्या जोड्या घेऊन उभे. मध्ये हातभर उंचीचा धुरा. एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते. मी पाळीवर छत्री घेऊन उभा होतो आणि माझं रक्त उकळत होतं.

मी हेमेंद्रकडे गेलो. "त्याला म्हण की भुऱ्या दे."

"मी काऊन म्हणू? तो मांगल त मी कबऱ्या देतो. मी मोठा हावो."

मग उमेंद्रकडे. "तू माग."

"त्यायनं मले इचारलं काय? बैल आणाले उदारामच्या घरी जाऊन राहिले, भावाच्या घरी नाई. मंग मी कायले मांगू?"

पुन्हा हेमेंद्रकडे. पुन्हा उमेंद्रकडे. चार खेपा घातल्या त्या धुऱ्यावरून, दोनदा घसरलो, एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली. शेवटच्या खेपेला हेमेंद्र म्हणाला, "बाबूजी, तुमीच त वाटून देल्ले. एक त्याचा, एक माहा. आता तुमीच काऊन चिडता?"

खरं बोलणाऱ्या पोराचा जास्त राग येतो.

संध्याकाळी सोनिका आली, वही घेऊन. म्हणाली, "मामाजी, उदाहरण सापडत नाई. आजूबाजूचं पायजे." मी म्हणालो, उद्या सकाळी पाळीवर ये, उदाहरण दाखवतो. का म्हणालो ते मलाच ठाऊक नव्हतं. चिडलेला माणूस काहीही कबूल करतो.

गुरुवारी उजाडताच मी गोठ्यात गेलो. जुनं जू आढ्याला टांगलेलं होतं. वाटणीत ते कुणाच्याच नावावर लागलं नव्हतं, माझ्या नजरेतून सुटलेली ती एकमेव वस्तू. खांद्यावर घेतलं. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ते खांद्यावर घेतल्यावर कळतं की शब्दकोशात वजन लिहिलेलं नसतं. एका हातात कबऱ्याचा कासरा. तसाच फाटकाबाहेर पडलो, रस्त्याने हापशीपर्यंत गेलो, वळलो आणि उमेंद्रच्या फाटकात शिरलो. चाळीस पावलं झाली असतील. दोन वर्षांत पहिल्यांदा.

शांती अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने वर पाहिलं. माझ्या खांद्यावरचं जू पाहिलं, कबऱ्या पाहिला. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर धीर सुटला असता. गोठ्यात जाऊन भुऱ्याचं दावं सोडलं. उमेंद्र दात घासता घासता धावत आला, तोंडात फेस. "बाबूजी, काय करून राहिले? इचारत नाई, काई नाई!"

"विचारणार नाही," मी म्हणालो. "तुम्ही दोघं विचारण्यातच मरा."

भुऱ्या बाहेर आला. कबऱ्याजवळ गेला, त्याची मान हुंगली, आणि मी काही करायच्या आत, मी जू जमिनीवर ठेवायच्याही आत, वळसा घालून कबऱ्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला. दोन वर्षांनी. स्वतःहून. मला गहिवरून आलं, ते लपवावं म्हणून मी भुऱ्यालाच ओरडलो, "हो सरळ!"

पाळीवर सोनिका आली होती, वही छातीशी धरून. हेमेंद्रही मागोमाग पोचला. जोडी जुंपून मी कालपासून बांधीतच पडलेला नांगर धरला. पहिली फेरी घेतली, दुसऱ्या फेरीला पाय गेला आणि मी कंबरेपर्यंत चिखलात बसलो. उमेंद्रने येऊन नांगराचं रुमणं हातात घेतलं. मला काढायला हेमेंद्र आला. मग कुणी काही न ठरवता उमेंद्र हाकायला लागला आणि हेमेंद्र कुदळीने कोपरे सारखे करायला लागला. दिवसभर दोघांमध्ये एवढंच बोलणं झालं: "वळव," "थांब," "तिकडचा कोपरा राहिला." गेल्या दोन वर्षांतल्या बोलण्यापेक्षा ते जास्त होतं. अंधार पडायच्या आत दोघांच्याही बांध्या झाल्या. शुक्रवारी बाया आल्या, रोवणी लागली. रात्री पोरांनी जेवतानाच फोनवर ठरवलं की जोडी एकाच गोठ्यात राहील, महिना इकडे, महिना तिकडे. भिंतीच्या अलीकडून पलीकडे फोन! पण केला, हे काय कमी.

मी फुगलो होतो, हे कबूल करतो. मला वाटलं, बैल जुळले, पोरं जुळली, आता राहिलं काय? शनिवारी सोनिका पाठ घ्यायला पहाटेच्या बसने गेली. मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि पुन्हा चाळीस पावलं चालून गेलो. मनात वाक्य तयार होतं. शाळेत निरोप समारंभाला बोललो होतो तेव्हासुद्धा इतकी तयारी केली नव्हती.

शांती सूप घेऊन ओसरीवर बसली होती. मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि सुरुवात केली. वाटणी ही चूक होती. जोडी फोडायची नसते, बैलांनी आपल्याला शिकवलं. हेमेंद्रशी बोलतो, तू तिकडे चल. आपली जागा एका ठिकाणी. जॉइन या शब्दाचं मूळ...

"मूळ मले ठाऊक हाय," शांती म्हणाली. "सोनिकानं सांगतलं सारं. रोज रात्री वाचून दाखवते मले. जॉइन म्हंजे जू."

"हो," मी खूश होऊन म्हणालो.

"मंग मी येत नाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती पाखडायचं सूप बाजूला ठेवून माझ्याकडे नीट वळली.

"गुरुजी," ती म्हणाली. ती चिडली की मला गुरुजी म्हणते, गावासारखं. "चिखलणी करताना बैल गोल फिरतेत. आतला बैल कमी चालते, बाहेरचा जास्त चालते. हे तुमच्या जाड पुस्तकात हाय काय?"

"नाही."

"बेचाळीस वर्षं बाहेरच्या अंगानं मी चालली. तुमी शाळेतून आले का खुर्चीत बसत. पाणी आन, चष्मा आन, पेन कुठं ठेवला, सायकलच्या हवेचा पंप आन. मधात मी, फिरूनच राहिली. इथं दोन वर्षं झाले, सोनिका मले सकाळी हातात चहा देते. मी साडेसहाले उठतो. मंगळवारी भजनाले जातो. माहे गुडघे दुखत नाईत आता. मी कायले परत जुवाखाली मान देऊ?"

मी म्हणालो, "मला वाटलं, तुला वाईट वाटत असेल."

"वाटलं ना! लय वाटलं!" तिचा आवाज चढला, आणि डोळेही भरले. "तुमी चिठ्ठ्या टाकल्या तवा मी आत पंचासाठी चहा करून राहिली होती. बैलाचं नाव काढलं त हिरालालजी बोलले, जोडी फोडू नोका. माहं नाव काढलं तवा कोणी बोललं नाई. तुमीबी नाई. चिठ्ठी उचलली, घडी घालून खिशात ठेवली. मी कपबशा घेऊन बाहेर आली त मले सांगतलं, तू उमेंद्रकडे."

मी खाली बघत होतो. ओसरीवर तिने केलेलं सारवण होतं, काठाला पांढऱ्या मातीची रेघ. दोन वर्षांत तिने इकडे अशी किती सारवणं केली असतील, मला माहीत नव्हतं.

"आनखी एक सांगतो," ती जरा शांत होऊन म्हणाली. "चिठ्ठीत कोणाकडे जेवाचं ते लिहिलं होतं. बोलाचं नाई, बसाचं नाई, असं कुठं लिहिलं होतं? भिंतीले दार नाई, पण रस्त्याले कोणी कुलूप लावलं होतं? सोनिका दिवसातून चारदा जाते-येते. माहा आवाज तुमाले भिंतीतून येते, तुमचा मले येते. मी रोज वाट पायली. म्हटलं, येतीन. ताप आला होता तुमाले, तवा काढा पाठवला. म्हटलं, बरे झाले का येतीन, गिलास वापस द्याले त येतीन. नाई आले. आले कवा? परवा. कोणासाठी आले?"

कबऱ्या बाहेर हंबरला, तोच उत्तर देतोय असं वाटलं आणि मला त्याचाही राग आला.

"बैलासाठी आले," शांती म्हणाली, आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

मी उठलो. परत येताना ती चाळीस पावलं मोजली. खरंच चाळीस होती. दोन वर्षांत ती मला जमली नव्हती आणि मी मात्र सगळ्या जगाला सांगत होतो की पोरांना एकमेकांच्या दारात जायला लाज वाटते! खाटेवर पडलो. भिंतीपलीकडे ती सूप आपटत होती. नेहमीपेक्षा जोरात आपटत होती, हे मला कळत होतं.

संध्याकाळी सोनिका आली. पाठ छान झाला म्हणाली. तपासायला आलेल्या मॅडमनी विचारलं, उदाहरण कोणतं? तिने भुऱ्याचं सांगितलं. वर्ग ऐकत राहिला. "पण मॅडम म्हणे, लय लांबवलं. जोडणे एवढं सांगतलं असतं तरी चाललं असतं." मी त्या मॅडमबद्दल दोन शब्द बोललो, ते इथे लिहीत नाही.

मग मी सोनिकाला विचारलं, "तुमचा गॅस कसा पेटतो?"

"म्हंजे?"

"बटण दाबून की लायटरने?"

तिने वही मिटली. मग म्हणाली, "लायटरनं. ओट्याच्या डाव्या बाजूले टांगलं हाय. चहापत्ती निळ्या डब्यात. आणि मामाजी, मी उद्या रविवार म्हून उशिरा उठतो."

रविवारी सहाला मी उमेंद्रच्या स्वयंपाकघरात होतो. माणसाने पस्तीस वर्षं व्याकरण शिकवलं म्हणून चहाला किती पाणी लागतं ते कळत नाही. पहिला चहा उतू गेला. दुसरा काळा झाला. तिसरा बरा दिसत होता. कप घेऊन ओसरीवर गेलो. साडेसहाला शांती उठून बाहेर आली. मला पाहिलं, कप पाहिला. चूळ भरली आणि माझ्या खुर्चीत बसली, काल मी बसलो होतो त्याच खुर्चीत. मी कप दिला. एक घोट घेतला तिने.

"साखर?"

मी आत गेलो, साखर शोधली, आणली.

"चमचा?"

पुन्हा आत गेलो.

"गाळला नाई काय? पत्ती येऊन राहिली तोंडात."

पुन्हा आत. गाळणी शेगडीमागे पडली होती, ती काढताना डोकं फळीला आपटलं. बाहेर येऊन चहा गाळून दिला. माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. कपाळावर घाम. मला भयंकर राग आला होता, तिचा नव्हे, त्या स्वयंपाकघराचा, डब्यांचा, त्या उंबरठ्याचा, जो प्रत्येक वेळी ओलांडावा लागतो. हे ओलांडणं दिवसातून किती वेळा? मी गुणाकार करायला लागलो आणि बेचाळीसपर्यंत न जाताच थांबलो.

शांतीने कप खाली ठेवला. बाजूच्या बाकड्यावर हात मारला. मी त्याच्या आतल्या टोकाला टेकणार, एवढ्यात ती म्हणाली, "तिथं नाई. तिकडे माही जागा हाय. तुमी बाहेरच्या अंगाले बसा."

मी बाहेरच्या अंगाला बसलो. तिने पाय खुर्चीवर घेतले, मांडी घातली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "आता पाणी आना."